आधी ‘क्रॅश’ की ‘तितान’?
उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लोखंड, ग्रीस आणि माणूस दिवसभर एकमेकांना चिकटून असतात. त्यामुळे आम्हा कोल्हापूरकरांना हे दोन्ही सिनेमे जरा जास्तच भिडतात.

दिग्दर्शक डेव्हिड क्रोनेनबर्गचा ‘क्रॅश’ (१९९६) थंडगार. माणसं मोटार-अपघातांत वासना शोधतात. पायाला पोलादी आधार, मांडीवर लांब व्रण, आणि कॅमेरा कातडी अन् पत्रा एकाच नजरेनं न्याहाळतो. नवरा-बायको एका बिछान्यात असूनही परके! ही परकेपणाची धग मला सर्वांत खरी वाटते, म्हणून आधी हाच बघा.

ज्युलिया द्युकूर्नोचा ‘तितान’ (२०२१, कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार) अंगावर येतो: डोक्यात टायटॅनियमची पट्टी, गाडीपासून राहिलेला गर्भ, अंगातून झरणारं काळं ऑइल. पण त्यात पोरगा हरवलेला बाप आहे, त्याची वेडी माया आहे. लागोपाठ मात्र बघू नका.