जेवणाच्या मेजावर पारखलेली श्रद्धा: बॉनहोफर यांचे ‘लाइफ टुगेदर’

पाळकांनी लिहिलेली चिंतनाची पुस्तके बहुधा दिवसाला एक पान अशा बेताने वाचली जातात. सकाळी एक वचन, त्याखाली दिलासा देणारा एखादा परिच्छेद, आणि मग आपण आपल्या कामाला मोकळे. जर्मन पाळक आणि धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांचे ‘लाइफ टुगेदर’ असे वाचायला घेतले, तर हाती फारसे काही लागणार नाही. कारण आपण प्रार्थनेपासून बाजूला ठेवतो तेच सारे, म्हणजे एकत्र जेवणे, घरातली कामे, माणसांचा त्रास आणि त्यांच्याविषयीची आपली बोलणी, हाच या छोट्याशा पुस्तकाचा खरा विषय आहे.

पुस्तकाची जन्मकथा ठाऊक असेल तर त्याचे वजन अधिक कळते. जर्मनीतील बहुसंख्य प्रोटेस्टंट मंडळ्या (चर्च) नाझी राजवटीशी जुळवून घेत असताना ज्यांनी तसे करण्यास नकार दिला, त्या कन्फेसिंग चर्चने होतकरू पाळकांसाठी स्वतःची शिक्षणकेंद्रे उघडली. त्यांपैकी फिंकेनवाल्डे येथील केंद्राची धुरा १९३५ पासून बॉनहोफर यांच्याकडे होती. १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ते बंद केले. पुढच्याच वर्षी, ज्यू वंशाच्या पतीसह देश सोडून गेलेल्या आपल्या जुळ्या बहिणीच्या ग्योटिंगेन येथील घरी बसून त्यांनी चारेक आठवड्यांत हे पुस्तक लिहिले, आणि १९३९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. एवढ्या धामधुमीत लिहिलेल्या पुस्तकात राजकारणाविषयी जवळपास काही नाही. मात्र ख्रिस्ती माणसाला आपल्या बांधवांचा सहवास लाभणे हा त्याचा हक्क नसून देवाची कृपा आहे, हे पहिल्याच पानांवरचे विधान केवळ उपदेश म्हणून आलेले नाही, कारण तो सहवास त्यांच्याकडून नुकताच हिरावून घेतला गेला होता.

पाच प्रकरणांपैकी मला सर्वांत मोलाचे वाटते ते सेवेविषयीचे चौथे. सेवा म्हटल्यावर दानधर्म किंवा रुग्णसेवा यांची अपेक्षा करणाऱ्या वाचकासमोर लेखक पहिली सेवा ठेवतात ती जीभ आवरण्याची. जो बांधव समोर नाही त्याच्याविषयी त्याच्या पाठीमागे बोलू नये, आणि ‘त्याच्या भल्यासाठीच सांगतो’ असे पांघरूण घालूनही बोलू नये, असे ते बजावतात. फिंकेनवाल्डेमध्ये हा नियम प्रत्यक्षात पाळण्याचा प्रयत्न होत असे. मंडळीत वावरलेल्या कोणालाही हे पांघरूण चांगलेच ओळखीचे असेल, कारण आपल्याकडची कितीतरी कुजबूज ‘अमक्यासाठी प्रार्थना करायला हवी’ या वाक्याने सुरू होते.

त्याच प्रकरणात पुढे ऐकून घेण्याविषयी जे लिहिले आहे ते पाळकांनी तर वाचावेच. जिथे जाऊ तिथे आपण काहीतरी बोललेच पाहिजे असे धर्मसेवकांना वाटते आणि समोरचा काय सांगणार हे आधीच माहीत असल्यासारखे ते अर्ध्या कानाने ऐकतात. पण जो बांधवाचे ऐकेनासा होतो तो लवकरच देवाचेही ऐकेनासा होतो, असा या विवेचनाचा रोख आहे. कामात येणाऱ्या व्यत्ययांविषयीचा विचारही असाच अंगावर येतो. देव आपले बेत मोडण्यासाठी माणसे पाठवतो, आणि आपण मात्र महत्त्वाच्या कामाच्या नादात, कदाचित पवित्र शास्त्र वाचत वाचत, येशूच्या दृष्टांतातील, जखमी वाटसरूला ओलांडून गेलेल्या त्या याजकासारखे पुढे जातो. दिवसाच्या वेळापत्रकावर आपलीच मालकी आहे असे धरून चालू नये, हा नम्रतेचा धडा इतक्या रोखठोकपणे सांगणारे पुस्तक माझ्या वाचनात दुसरे नाही.

सर्वच बाबतींत लेखकाशी सहमत होता येत नाही. उपासनेत सर्वांनी एकाच सुरात गावे, वेगळा सूर लावणारा स्वतःकडे लक्ष वेधून घेतो, हा त्यांचा आग्रह मला नाहक कठोर वाटतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. दिवसभराची जी शिस्त येथे आखून दिली आहे, म्हणजे सकाळची सामुदायिक उपासना, स्तोत्रे, सलग शास्त्रपाठ आणि एकांतातील मनन, ती एका छताखाली राहणाऱ्या तरुण पुरुषांच्या जीवनातून आली आहे. लेखक कुटुंबाचा उल्लेख करतात खरा, परंतु तान्ह्या बाळाची आई किंवा रात्रपाळी करणारा कामगार यांचा दिवस त्यात बसत नाही, आणि अशा वाचकाला आपणच कमी पडतो असे उगीच वाटण्याचा धोका आहे.

तरीही आपल्या मंडळीविषयी निराश झालेल्यांना मी हे पुस्तक आवर्जून सुचवेन. आदर्श मंडळीचे जे स्वप्न आपण उराशी बाळगतो, तेच प्रत्यक्षातील मंडळीचा घात करते, आणि ते भंगणे ही देवाची कृपाच होय, असे पहिले प्रकरण सांगते. त्या स्वप्नावर प्रेम करणारा माणूस आधी बांधवांवर, मग देवावर आणि शेवटी स्वतःवर आरोप करत राहतो, हे निदान वाचताना बोचते, पण चुकीचे म्हणता येत नाही.

जॉन डोबरस्टाइन यांचा १९५४ मधील इंग्रजी अनुवाद सुबोध आहे. पुस्तक एका बैठकीत संपण्याइतके लहान असले तरी एका वेळी एकच प्रकरण घ्यावे आणि शक्य असल्यास दोघा-तिघांनी मिळून वाचावे. प्रारंभीच्या प्रकरणातील मानवी प्रेम आणि आत्मिक प्रेम यांच्यातील भेदाचे विवेचन जड वाटल्यास आधी चौथे प्रकरण वाचून मग मागे वळायला हरकत नाही. पापाच्या कबुलीविषयीचे पाचवे प्रकरण मात्र आधीची चार वाचल्याशिवाय उघडू नये, कारण ज्याच्यापुढे मन मोकळे करायचे तो बांधव कसा असावा, हे तोवर स्पष्ट झालेले नसते.