मीरेची सहा पदं, पियानोवर

भजनाची सवय असलेल्या कानाला ही गाणी पहिल्या फेरीत पटणार नाहीत. दुसऱ्यांदा ऐका, पण फोनच्या स्पीकरवर नको. स्पीकरवर पियानोचा खर्ज गायब होतो आणि उरतो नुसता बाईचा चढा आवाज. साधा का होईना, हेडफोन लावा.

जॉन हार्बिसन या अमेरिकन संगीतकाराची ही 'मीराबाई साँग्ज', १९८२ सालची. शब्द मीरेच्या पदांचे, रॉबर्ट ब्लाय या कवीनं इंग्रजीत आणलेले. गाणारी सोप्रानो, म्हणजे बायकांच्या आवाजातली सगळ्यांत उंच जात. छोट्या वाद्यवृंदाबरोबरही ही गाणी होतात. मी मात्र पियानोवरची धरली, कारण अमळनेरात आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवते आणि कोणाचंही गाणं ऐकताना माझा कान आधी साथीकडे जातो.

तर इथं साथ अशी नाहीच. आमची पेटी गाणारीच्या मागून चालते, तिनं घेतलेली जागा उचलते, तिला दम लागला की भरून काढते. इथं पियानोला स्वतःचं म्हणणं आहे. तबला नाही, टाळ नाही, समेवर मान हलवायची सोय नाही. ध्रुपद घोळवत बसणंही नाही; या प्रकारात कवितेची ओळ सहसा एकदाच येते आणि गेली की गेली. म्हणून आधी कविता वाचून घ्या. इतक्या उंच स्वरांवर 'आ' आणि 'ए' जवळजवळ सारखेच ऐकू येतात, त्यामुळे इंग्रजी चांगलं असलं तरी शब्द निसटतात. गाणारीचा त्यात दोष नाही, त्या पट्टीत कोणाचंही तसंच होतं.

पहिलं पद आपल्या ओळखीचं, 'माई री मैं तो लियो गोविंदो मोल'. बाजारात गेले, ढोल वाजवत सावळ्याला विकत घेतला, तराजूत तोलून घेतला. आमच्या मंडळात आम्ही ते लाडात गातो, माना डोलावत. हार्बिसनची मीरा अंगावर येते. लोक म्हणतात जास्त दिलंस, ती म्हणते कमीच दिलं. आणि मग काय काय दिलं ते सांगते: लोकांतली पत, गाव, घरदार, वंशपरंपरेचे दागिने. एवढी वर्षं हे पद वाजवलं, पण त्या बाईला ते केवढ्याला पडलं हे मला इथं लागलं.

मधल्या गाण्यांत मी तितकी रमले नाही. ढगांचं गाणं ऐकताना आपल्या मल्हाराची सवय आडवी येते. सहावं मात्र पुन्हा पुन्हा लावलं. 'जोगी मत जा'. माझी चिता तूच पेटव आणि राख झाले की अंगाला फासून घे, असं ती सांगते. सासूबाई शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी हेडफोनचं एक बोंडूक त्यांच्या कानात दिलं. थोडं ऐकून म्हणाल्या, "हाई मीरानं भजन शे?" मग शेंगा बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. इंग्रजीतलं अक्षर त्यांना कळत नाही.

हे आवडलं तर अॅरन कोपलँड या अमेरिकन संगीतकाराची, एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीच्या बारा कवितांवरची गाणी घ्या, १९५० सालची. सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आसपास. त्यांतलं 'डिअर मार्च, कम इन' नवख्याला सगळ्यांत सोपं. पाहुणा दारात आल्यासारखं कवयित्री मार्च महिन्याशी बोलते. आमच्याकडे मार्च आला की ऊन भाजायला लागतं, तिकडे बर्फ सरतो, हे ध्यानात ठेवून ऐका म्हणजे त्या आनंदाचा अर्थ लागेल. बारावं मृत्यूच्या रथाचं, अतिशय शांत, पण ते आधी लावू नका. अकरा ऐकून त्याच्यापाशी पोचा.