जिम रीव्हजचा सीडी संच : गेल्या नाताळपासून ऐकतोय, त्याबद्दल

वसईत डिसेंबर लागला की अमेरिकन गायक जिम रीव्हज विकत घ्यावा लागत नाही, शेजारच्या स्पीकरवरून फुकट मिळतो. तरी गेल्या नाताळात मी त्याचा मोठा सीडी संच घेतला. घरातल्या पेन ड्राइव्हवर तीच ती गाणी होती, कुणी कधी भरली देव जाणे, आणि निम्म्यांचा आवाज फाटलेला. नाताळच्या गाण्यांची त्याची मूळ रेकॉर्ड १९६३ची, बारा गाण्यांची. संचात ती सगळी आहेत आणि आवाज स्वच्छ आहे. त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही, आपल्याकडे ती पोरासोरांना पाठ असतात. नाताळ आटोपल्यावर, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा आवरून माळ्यावर गेल्यावर हा संच किती वाजला, ते सांगण्यासारखं आहे.

बाजारात त्याचे पन्नास नावांचे संग्रह मिळतात, म्हणून मी कुठला घेतला यापेक्षा कसा घ्यावा तेच सांगतो. गाणी ज्या क्रमाने रेकॉर्ड झाली त्याच क्रमाने लावलेला संच घ्या. असा संच ऐकताना एक माणूस आपल्यासमोर बदलत जातो. 'निवडक गाणी' छापाच्या सीडीत ते कधीच कळत नाही.

पहिल्या एक-दोन सीडी लावल्या तेव्हा बायकोने विचारलं, "हा नक्की तोच का?" प्रश्न रास्त होता. १९५३चं 'मेक्सिकन जो' हे गाणं कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या संगीताच्या, लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं होतं, पण त्यातला आवाज चढा, थोडा नाकातला, मागे फिडल, म्हणजे व्हायोलिनच, आणि सगळा गमतीचा मामला. 'बिंबो'ही त्याच वळणाचं. टेक्सासमधल्या गॅलोवे नावाच्या खेड्यात १९२३ साली जन्मलेला हा मुलगा आधी बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. सेंट लुइस कार्डिनल्सच्या खालच्या संघांतून खेळला, पायाच्या दुखापतीने खेळ सुटला, मग रेडिओवर निवेदक झाला. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या स्टेशनवर तो दुसऱ्यांची नावं पुकारायचा आणि मग स्वतःही गायचा. सुरुवातीच्या या सीडी मी आता सोडूनच देतो. इतिहास म्हणून एकदा ऐकाव्यात.

खरा संच सुरू होतो १९५७ला, 'फोर वॉल्स'पासून. तोवर कंट्री गायक माइकपासून अंतर ठेवून मोकळ्या गळ्याने गायचे. हॉलमधल्या गोंगाटावर मात करायची तर दुसरा इलाज नव्हता. रीव्हज स्टुडिओत माइकला जवळजवळ चिकटला, पट्टी खाली आणली आणि बोलल्यासारखा गायला. निर्माता चेट ॲटकिन्सला हे गाणं बाईच्या गळ्याचं वाटत होतं, असं सांगतात. फिडल आणि स्टील गिटार बाजूला ठेवून मागे जॉर्डनेअर्स या गायक चौकडीचा हलका कोरस ठेवला. गाणं कंट्री यादीत आठ आठवडे पहिलं राहिलं आणि पॉपच्या यादीतही अकराव्या क्रमांकापर्यंत चढलं. पुढे कंट्रीच्या ज्या मऊ, पॉपकडे झुकलेल्या शैलीला नॅशव्हिल साउंड म्हणू लागले, तिच्या मुळाशी असलेल्या गाण्यांत हे एक. निवेदकाच्या नोकरीचा फायदा इथे दिसतो. हातभर अंतरावरच्या एका माणसाशी बोलायची सवय त्याला आधीच होती.

'ही'ल हॅव टू गो' मात्र हेडफोन लावूनच ऐका. बारमधून एक माणूस बाईला फोन करतोय, तिच्याजवळ दुसरा कुणीतरी आहे, एवढीच गोष्ट. कंपनीने हे गाणं रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला टाकलं होतं, आणि १९६०मध्ये ते चौदा आठवडे कंट्रीत पहिलं आणि पॉपमध्ये दुसरं. मी आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये बेस, म्हणजे सगळ्यात खालचा स्वर, गातो, त्यामुळे माझा कान भलत्याच गोष्टीकडे जातो. गाण्याचं पहिलंच अक्षर 'प'. माइकला इतक्या जवळून 'प' म्हटला की स्पीकरमधून धप् असा आवाज येतो. आमच्याकडे दर रविवारी येतो. इथे ओठ उघडल्याचा भास होतो, पण धक्का नाही. मग ओळ खाली खाली जाते आणि खर्जात पोचल्यावर तो आवाज दाबत नाही, नुसता सोडून देतो. आम्ही बेसवाले हनुवटी छातीला लावून तो स्वर ओढून काढतो, त्यामुळे तो ऐकू कमी येतो आणि दिसतो जास्त! पावसाळाभर सरावाआधी हेच गाणं लावत होतो. हनुवटी वर आली आहे, असं आमचा ऑर्गनवाला म्हणतो.

सगळ्यात जास्त टिकली ती गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं. 'वी थँक दी' ही रेकॉर्ड १९६२ची. दक्षिणेकडचं गॉस्पेल म्हणजे चौघांचा चढता स्वर, टाळ्या, जोश. इथे त्यातलं काही नाही. 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' हे भजन शिकागोच्या थॉमस डॉर्सीने १९३२ साली लिहिलं, बाळंतपणात बायको गेली आणि पाठोपाठ बाळही, त्यानंतर. गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन ते गाते तेव्हा अख्खं देऊळ हलतं. रीव्हजच्या गळ्यात तेच एका दमलेल्या माणसाचं मागणं होतं. दोन्ही ऐकावं, पण रात्री साडेदहाला, घरात म्हातारं माणूस झोपलेलं असताना, रीव्हजच लावता येतो. तक्रार एकच, मागचा कोरस कधीकधी फार गोड होतो. सलग ऐकलं तर पाकातली जिलबी खाऊन पाणी मागावं तसं होतं. तीन-चार गाणी ऐकावीत आणि बंद करावं.

आफ्रिकान्स भाषेतली गाणीही आहेत. दक्षिण आफ्रिकेत त्याची प्रचंड लोकप्रियता होती, तिथे त्याने सिनेमाही केला. आईला एक अक्षर कळत नाही, तरी मासळी साफ करताना तिला हीच लागतात.

शेवटच्या सीडींबद्दल मात्र सावध करतो. ३१ जुलै १९६४ला तो आर्कान्सामधल्या बेट्सव्हिलहून स्वतःचं छोटं विमान चालवत नॅशव्हिलला परतत होता, सोबत पियानोवादक डीन मॅन्युएल. वादळी पावसात विमान कोसळलं, अवशेष २ ऑगस्टला सापडले. वय चाळीस. त्यानंतरही कितीतरी वर्षं 'नवी' गाणी येत राहिली. पत्नी मेरी आणि कंपनीने जुन्या टेप काढून त्यांवर नवा वाद्यवृंद चढवला. 'डिस्टंट ड्रम्स' हे त्याने गीतकार सिंडी वॉकरसाठी नमुना म्हणून गाऊन ठेवलं होतं. १९६६ला ते ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिलं आलं, आणि ते आहेही छान. पण १९८१चं कंट्री गायिका पॅट्सी क्लाइनबरोबरचं युगुलगीत? ती १९६३च्या मार्चमध्येच विमान अपघातात गेली होती आणि दोघं कधीच एकत्र गायले नव्हते. वेगवेगळ्या टेप जोडून केलेलं ते गाणं मला नको वाटतं. दोघं गातात, पण श्वास कुठेच जुळत नाही. कुणाला आवडत असेल तर आवडो.

म्हणून घेताना पुस्तिकेत रेकॉर्डिंगची तारीख छापली आहे का ते बघा, नुसतं प्रकाशनाचं वर्ष पुरत नाही. ३१ जुलै १९६४ नंतर मागचं संगीत चढवलं असेल तर तसं लिहिलेलं असायला हवं. बऱ्याच स्वस्त संग्रहांत ते नसतं.

बाकी किरकोळ. सुरुवातीच्या मोनो सीडींचा आवाज बारीक आहे, गाडीत लावल्यात तर महामार्गावर काही ऐकू येत नाही. माझी एक सीडी आली तीच अडकणारी होती. विकणाऱ्याने बदलून दिली, पण बरीच पत्रापत्री झाल्यावर. पुस्तिकेची अक्षरं एवढी बारीक की चष्मा लावून वर मोबाइलचा टॉर्च धरावा लागतो. नुसत्या डिसेंबरपुरता हवा असेल तर एवढे पैसे घालू नका, नाताळची एक सीडी पुरे. क्वायरमध्ये खालचा स्वर गात असाल तर मात्र घ्याच, आणि १९५७च्या सीडीपासून सुरू करा.