एटिमऑनलाइन: फुकट आहे, आणि एकदा शिरलात की बाहेर पडणं अवघड

शब्दांची कुळी शोधायची खाज असेल तर ही साइट बघाच. डग्लस हार्पर नावाच्या अमेरिकन माणसाने बनवलेला इंग्रजी व्युत्पत्तीकोश आहे, शब्द टाकायचा की खाली त्याचा सगळा खानदानी इतिहास. मी 'रिअ‍ॅलिटी' टाकून बघितला. इंग्रजीत साधारण १५४०च्या दशकातला, मूळ लॅटिन 'रेस', म्हणजे वस्तू, मालमत्ता, मामला. रिअल इस्टेटमधला 'रिअल' पण तोच, म्हणजे बिल्डर लोक व्युत्पत्तीला धरूनच चाललेत म्हणायचं! रेआल माद्रिद या फुटबॉल क्लबच्या नावातला 'रेआल' मात्र वेगळा, तो 'रेक्स' म्हणजे राजावरून आलाय, आडनाव सारखं पण भावकी नाही.

खरी मजा पुढे आहे. 'रेस'चं नातं थेट संस्कृत 'रयि'शी लावलंय, रयि म्हणजे धन, ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात 'अग्निना रयिमश्नवत्' आहे बघा, आणि आपलं 'वास्तव' पण 'वस्तु'वरूनच आलेलं, म्हणजे दोन्हीकडे खरं काय तर जे हाताला लागतं ते, असं काहीतरी लोकांच्या डोक्यात असणार.

खटकलं ते एवढंच की संस्कृत शब्द रोमन लिपीत देतात, त्यामुळे 'रयि' ओळखायला जरा डोकं खाजवावं लागतं. आणि मराठी शब्दांसाठी इथे येऊ नका, कोश इंग्रजीचा आहे. बाकी नोंदी छोट्या आणि मुद्देसूद, सन दिलेले, कॉलेजच्या पोरांना तर डोळे झाकून सांगेन. साडेचार स्टार.