हत्यारांची खणांची पेटी: ठाण्यातला एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आजोबांचे रंधे, पटाश्या, गुण्या आणि लाकडावर रेघ आखायची खतावणी ठेवण्यासाठी घेतलेल्या या पत्र्याच्या पेटीची मापे सर्वत्र उपलब्ध आहेत, म्हणून मी थेट खणांतल्या फोमविषयी लिहितो. त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात.

उन्हाळ्यात मी या फोमवर अत्यंत खूश होतो. प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापल्यामुळे खण उघडताच रंध्याच्या शिसवी मुठीला वर्षानुवर्षांच्या हाताळणीने आलेली झिलई नीट दिसे, आणि एखादे हत्यार जागेवर नसेल तर तेही लगेच कळे. अमेरिकेतील पियानो कारागीर हेन्री स्टडली यांनी दोनशेहून अधिक हत्यारे एका भिंतीवरच्या पेटीत अशाच नेमक्या जागा करून बसवली होती, मात्र त्या जागा महोगनी, शिसव आणि आबनूस अशा लाकडांच्या होत्या. हा फरक किती मोठा आहे, हे जुलैत समजले.

आम्ही कोलशेतला खाडीजवळ राहतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांपुढे गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागते आणि पावसाळ्यात इथे ती बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. फोम हा ओलावा धरून ठेवतो आणि नेमका पात्याच्या सपाट पाठीला चिकटवतो. पात्याची धार दोन बाजू मिळून होते. सपाट बाजूला गंजाचे खड्डे पडले, तर उतरती बाजू निसण्यावर कितीही घासली तरी धारेत खाचा राहतात. ते खड्डे जाईपर्यंत पोलाद झिजवावे लागते, आणि जुन्या पात्यांमध्ये मऊ लोखंडावर जोडलेली पोलादाची पट्टी मुळातच पातळ असते. आमच्या रुंद पटाशीचे नेमके हेच झाले.

विक्रेत्याने पेटी गंजलेली नसल्याने हमी लागू होत नाही असे कळवले आणि तोच फोम पुन्हा विकत घेण्याचा सल्ला दिला. हे उत्तर मला संतापजनक वाटते, कारण फोम ‘हत्यारांच्या संरक्षणासाठी’ म्हणूनच विकला जातो.

पेटीविषयीचे माझे मत मात्र फोम काढून टाकल्यावर पुन्हा सुधारले. वखारीतून स्वस्तात मिळालेल्या सागवानी तुकड्यांच्या पट्ट्या मी खणांत बसवल्या असून हत्यारे त्यांवर दोन्ही टोकांना टेकतात आणि पाते अधांतरी राहते. त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवतो. भाद्रपद संपेपर्यंत नवा डाग पडला नाही. खण भरलेले असूनही अलगद सरकतात, कुलूपही उत्तम आहे.

ज्यांच्याकडे वडिलोपार्जित हत्यारे आहेत, त्यांनी ही पेटी अवश्य घ्यावी, पण फोम बिलातून वगळायला लावावा आणि वाचलेले पैसे सागाच्या पट्ट्यांवर खर्च करावेत.