चुंबकी अक्षरं आणि स्पेलिंगचे नियम : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मुलं पहिली ते तिसरीची, इंदूरच्या मराठी घरांतली, शाळा इंग्लिश माध्यमाची. वापर जुलै ते फेब्रुवारी, रोज पंधरा मिनिटं. साहित्य म्हणजे चुंबकी अक्षरं, लोखंडी पत्रा आणि चौकटी आखलेला कागद. चार-पाच नियमांपुरतं हे साधन घोकंपट्टीपेक्षा कितीतरी सरस आहे. त्यापुढे वही-पेन्सिल बरी.

खरेदीत पहिली चूक एकच डबा घेण्याची. त्यात बहुधा २६ अक्षरं असतात, प्रत्येकी एक. 'बेल'ला दोन एल लागतात, 'मिस'ला दोन एस, म्हणजे लगेच अडतं. दोन डबे घ्या, आणि तेही स्मॉल अक्षरांचे. सुटं बी डोक्यावर उभं केलं की क्यू दिसतं, डीचं पी होतं, एनचं यू. प्रत्येक अक्षराच्या तळाला नेलपॉलिशची रेघ ओढली की ही कटकट मिटते. फळा म्हणून स्टीलचं ताट घेणार असाल तर आधी चुंबक लावून पाहा, बऱ्याच ताटांना तो चिकटतच नाही. लोखंडी कपाटाचं दार उत्तम.

एसएच, सीएच, टीएच, सीके या जोड्या मात्र पुठ्ठ्याच्या पट्टीवर शेजारी-शेजारी चिकटवून घ्या. कारण एका चौकटीत एक आवाज बसवायचा असतो. 'शिप'मध्ये अक्षरं चार, पण आवाज तीन, म्हणून चौकटी तीन. (चौकटींची ही युक्ती सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांची.)

आपल्या मुलांचं खरं घोडं अडतं ते देवनागरीच्या सवयीपाशी. ब म्हटलं की त्यात अ आलाच, मग 'बॅट'चे आवाज 'बअ-ॲ-टअ' असे पडतात. 'ब चा पाय मोड' म्हटलं की मुलाला नेमकं कळतं, ते शाळेत शिकलेलंच असतं. दुसरी अडचण जोडाक्षराची. 'मिल्क'मधला ल्क डोळ्याला एकच अक्षर, त्यामुळे चौकटी तीनच मागितल्या जातात आणि एल गळतो. तिसरी अनुस्वाराची. 'पिंक'मधला एन टिंबात लपतो, आणि 'जंप'मध्ये एम लिहायचा की एन हे टिंब सांगत नाही. अशा शब्दांत चौकटी मुलाला मोजू देऊ नका, पहिले दोन आठवडे तुम्हीच आखून द्या.

इंदूरची म्हणून एक वेगळीच भानगड आहे. शाळेच्या हिंदीत कॅट 'कैट' असं लिहितात आणि घरच्या मराठीत ऐ म्हणजे अइ. मग 'बॅड' आणि 'बेड' यांची सरमिसळ होते. म्हणून इंग्लिश शब्दावर देवनागरी उच्चार लिहून देऊ नका, हिंदीही नको आणि मराठीही नको. हनुवटीखाली हात धरून दोन्ही शब्द म्हणायला लावा, 'बॅड'ला जबडा जास्त खाली येतो.

आता सीकेचा नियम, कारण सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. एका ठोक्याच्या (एका सिलॅबलच्या) शब्दात शेवटी क् आणि त्याला चिकटून आधी एकच ऱ्हस्व स्वराक्षर असेल तर सीके : बॅक, डक, सॉक. मध्ये व्यंजन आलं की नुसता के : मिल्क, डेस्क. 'बुक'मधला उ कानाला ऱ्हस्वच, पण स्वराक्षरं दोन, म्हणून तिथेही के. नियम नुसत्या ऱ्हस्व-दीर्घावर शिकवला तर नेमका 'बुक'पाशी फसतो. 'पिकनिक', 'म्यूझिक' दोन ठोक्यांचे, तिथे सी. हे सगळं एका दिवशी सांगितलं की मूल एम-आय-एल-सी-के लिहिणारच. पहिला आठवडा फक्त सीके, दुसऱ्यात मिल्क आणि डेस्क, बुक त्यानंतर. पिकनिक तिसरीत आलं तरी चालेल.

पंधरा मिनिटांची वाटणी अशी : तीन मिनिटं जुने आवाज, पाच मिनिटं पत्र्यावर शब्द जुळवणं, पाच मिनिटं श्रुतलेखन, दोन तपासणीला. श्रुतलेखनात सहा शब्द, त्यांतले दोन मागच्या नियमाचे, आणि एक वाक्य. हे दोन जुने शब्द वगळले की आठवड्याभरात मुलं प्रत्येक शब्दाला नवाच नियम लावत सुटतात.

शब्दाच्या शेवटी एफ, एल, एस, झेड दुप्पट होण्याचा नियम (ऑफ, बेल, मिस, बझ) लवकर बसतो. बस, गॅस, येस, इफ हे अपवाद भिंतीवर लावा. सीएच-टीसीएचही सीकेसारखंच : कॅचला टी, बेंचला नाही. रिच, मच, सच, व्हिच पाठ करावे लागतात.

मुक्या ईला चौकटीबाहेर ठेवायचं. 'कॅप'चं 'केप' झालं की मुलं खूश. पण मग 'हॅव', 'गिव्ह' समोर येतात आणि विश्वास उडतो. तेव्हा सांगावं की इंग्लिश शब्द सहसा व्हीवर संपत नाही, इथे ई नुसता टेकू आहे. 'कम', 'सम' मात्र पाठच.

'आय आधी, ई नंतर, सीनंतर उलट' हे गाणं लहान मुलांना देऊच नये. सायन्स, देअर ('त्यांचं' या अर्थाचा), वीअर्ड, सीझ, सगळे ते मोडतात. तरी 'इंग्लिशला नियमच नाहीत' हेही खरं नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत सुमारे १७,००० शब्द संगणकाकडून निव्वळ आवाजांच्या नियमांनी लिहवून घेतले, तेव्हा साधारण निम्मे बरोबर आले. निम्मे म्हणजे कमी नव्हेत.

'हॉपिंग-होपिंग'ला (एकात दोन पी, दुसऱ्यात एक) हे साधन तोकडं पडतं. शब्द लांबतो, पत्रा भरतो, अक्षरं जुळवण्यातच वेळ जातो. तिथे वहीत मूळ शब्द लिहून शेवटच्या तीन अक्षरांखाली 'व्यंजन-स्वर-व्यंजन' अशी खूण करायला लावा, मगच आयएनजी.

टिकाऊपणा बेताचा. सहाव्या महिन्यापासून मागच्या चकत्या सुटायला लागल्या. त्या लगेच उचला, घरात तान्हं बाळ असेल तर विशेष. दोन चुंबक पोटात गेले तर आतडं मध्ये चिमटून भोक पडू शकतं. चकती सुटलेलं अक्षर सरळ फेका, गोंद लावून परत डब्यात टाकू नका.