चाळिसाचं बटण, साठाचं बटण: हीटरवालं फ्रंट लोड बेळगावच्या पाण्यात

वॉशिंग मशीनच्या शोरूममध्ये विक्रेता दरवाज्याची काच दाखवतो, मोटरची वॉरंटी सांगतो, मोबाईलवरून मशीन चालू करून दाखवतो. पॅनेलवरच्या २०, ३०, ४०, ६०, ९० या अंशांच्या आकड्यांवर मात्र ‘गरम पाण्यातपण धुतंय’ एवढ्यावर भागवतो. खरं तर साध्या टॉप लोडमध्ये नसलेली आणि यात असलेली गोष्ट तीच. म्हणून हे परीक्षण एका कंपनीच्या मॉडेलचं नाही, ७ ते ८ किलोच्या फ्रंट लोडमधल्या हीटरचं आहे. तो या आकाराच्या मशीनमध्ये बहुधा २००० वॅटच्या आसपास असतो. मुख्य धुण्याला १५ लिटरच्या आगेमागे पाणी लागतं आणि तेवढंच तापतं. खळबळण्याचं पाणी थंडच.

आधी खर्च, कारण पहिला प्रश्न तोच येतो. टाकीतलं पाणी २४ अंशांवर असेल तर कपडे आणि ड्रम धरून ४० अंशांपर्यंत तापवायला साधारण ०.३ युनिट लागतं, ६० पर्यंत पाऊण युनिटच्या जरा खाली, ९० पर्यंत सव्वा ते दीड. महिन्यातून आठ वेळा साठावर लावलं तर तापवण्याचे युनिट सहाच्या आत. मात्र गृहज्योती या कर्नाटकच्या मोफत विजेच्या योजनेत असलेल्या घरानं हे सहा मोजावेत. आधीची सरासरी ११० असेल तर वरच्या १० टक्क्यांनी ११ युनिटची मोकळीक मिळते, त्यातले सहा इथंच जातात. मोटर आणि पिळण्याचे वेगळे. ९० चं बटण रोजच्या कपड्यांना लावणं म्हणजे हेस्कॉम या वीज कंपनीला देणगी. त्याचा खरा उपयोग महिन्यातून एकदा रिकामा ड्रम उकळून घ्यायला.

आता कपडे. ‘पांढऱ्याला गरम, रंगीताला थंड’ हा हिशेब अर्धवट आहे. आधी मळ कशाचा ते बघायचं, मग कापड, आणि आकडा सगळ्यात शेवटी.

रक्त, दूध, दही, अंडं यांत प्रथिनं असतात. गरम पाणी लागलं की ती धाग्यातच थिजतात, उकडलेल्या अंड्यासारखी, आणि मग कुठलीच पावडर कामाला येत नाही. असे कपडे आधी साध्या पाण्यात अर्धा तास ठेवून चोळून घ्यायचे, मगच मशीनमध्ये. थेट ६० वर टाकले तर डाग तपकिरी होऊन बसतो. तूप, तेल, वनस्पती तूप यांचं उलटं: थंड पाण्यात ते सैल होत नाहीत. आपल्या बेळगावी मिठाईचा, कुंद्याचा डाग म्हणूनच चकवा देतो. त्यात आटवलेलं दूधही आहे आणि तूपही. आधी गार पाण्यात भिजवून दूध काढायचं, मग ४० वर तूप. क्रम उलटला तर पिवळट कडा राहते.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी २० च्या आसपास उतरतं. ज्या दिवशी बाटलीत तेल घट्ट दिसतं, त्या दिवशी उशीच्या अभ्र्यातलंही घट्टच असतं, आणि ‘कोल्ड’वर धुतलेला अभ्रा वाळल्यावरही तेलकट वास मारतो. अभ्रे, टॉवेल, बनियन यांना थंडीत ४० च्या खाली लावण्यात अर्थ नाही.

हळदीची गोष्ट वेगळी. सौंदत्तीच्या डोंगरावरून भंडारा अंगावर घेऊन आलेले कपडे आधी कोरडेच झटकायचे, ओलं बोट लावायचं नाही. साबण लागला की पिवळा डाग लालभडक होतो. घाबरण्यासारखं काही नाही, हळदीचा रंग साबणातल्या खारात लाल दिसतो आणि खळबळल्यावर परत पिवळा येतो. राहिलेला पिवळेपणा ऊन खातं. त्याला ९० ची गरज नाही, ओला कपडा दोन दिवस उन्हात पुरतो. रश्श्याच्या डागात तेल आणि हळद दोन्ही असतात: तेल ४० काढतं, हळद ऊन. पावसाळ्यात तो डाग निघत नाही याचा दोष मशीनला देऊ नये.

खानापूरकडची तांबडी माती लोहाची आहे. ओल्यावर चोळली तर धाग्यात शिरते. वाळू द्यायची, ब्रशनं झाडायची, गार पाण्यात खळबळायची, मग ४०. त्यावर ब्लीच घालून काही साधत नाही, आणि लोखंडाच्या गंजाचा डाग तर ब्लीचनं जास्तच गडद होतो. गंजाला लिंबू किंवा लिंबूसत्त.

उद्यमबागच्या फौंड्रीत, मशीन शॉपमध्ये घातलेल्या कपड्यांवर तेल, काजळी आणि लोखंडाची धूळ एकत्र असते. सुती असतील तर ६०, वेगळे, अर्धा ड्रम भरून, आधी कॉलरला आणि बाह्यांना लिक्विड चोळून. पॉलिकॉटनचा गणवेश ४० वर. ग्रीस काढायला रॉकेल किंवा पेट्रोल लावलेला कपडा मात्र मशीनमध्ये कधीच टाकायचा नाही. बंद ड्रममध्ये वाफ साचते आणि खाली हीटर असतो.

या हीटरचे पैसे खऱ्या अर्थानं वसूल होतात ते जून ते सप्टेंबर. खानापूर, बेळगाव, चंदगडच्या पट्ट्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं, दोरीवर कपडे दोन दिवस ओलेच राहतात आणि कुबट वास धरतात. हा वास धाग्यात वाढलेल्या जिवाणूंचा. गार पाण्यात पावडर वाढवून किंवा सुगंधी कंडिशनर ओतून तो झाकला जातो, पुन्हा ओलं झालं की परत येतो. टॉवेल, चादरी, सुती बनियन आठवड्यातून एकदा ६० वर घेतल्या की वास सुटतो. अंथरुणातले धुळीचे किडेही या तापमानाला मरतात, त्यामुळे दम्याच्या माणसाच्या चादरीला ६० हाच आकडा. धुणं झाल्यावर मात्र कपडे ड्रममध्ये ठेवू नयेत, नाहीतर सगळी मेहनत फुकट. पिळण्याचा वेग पावसाळ्यात १२०० ठेवावा.

इथं एक फसगत आहे. पॅनेलवर ६० लिहिलंय म्हणून पाणी ६० ला जातंच असं नाही. वीज वाचवणाऱ्या काही प्रोग्राममध्ये पाणी कमी तापवून वेळ वाढवलेला असतो. आणि १५ मिनिटांच्या ‘क्विक’मध्ये तर ४० गाठायलाच दहा मिनिटं जातात, धुवायला उरतं काय? ६० हवं असेल तर साधा ‘कॉटन’ प्रोग्राम आणि आकडा हातानं निवडलेला. खात्री करायची तर तापवणं सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर मशीन थांबवून खालच्या फिल्टरजवळच्या बारीक नळीतून तांब्याभर पाणी काढून थर्मामीटर बुडवावा. हात जपून, ते पाणी पोळतं.

पावडरचं तापमानाशी नातं आहे. चांगल्या पावडरीत आणि लिक्विडमध्ये डाग फोडणारे एन्झाइम असतात. ते ३० ते ५० च्या दरम्यान जोमात काम करतात आणि ६० च्या वर निकामी होत जातात. म्हणून घाम-जेवणाच्या डागांच्या मिसळ धुण्याला ४० हे ६० पेक्षा सरस ठरतं. गार पाण्यात पावडर नीट विरघळत नाही, काळ्या कपड्यांवर पांढरे फराटे दिसतात ते त्याचे. ३० च्या खाली लिक्विड वापरावं. हातधुण्याची साधी पावडर यात घातली तर कोमट पाण्यात फेस इतका येतो की मशीन आपण होऊन खळबळणं वाढवत बसतं.

कापडाबद्दल थोडक्यात. लेबलवर तसराळ्याचं चित्र असतं: एक ठिपका ३०, दोन ४०, तीन ५०, चार ६०. तसराळ्यात हात असेल तर हातधुणं, तेही ४० च्या आत. खाली रेघ असेल तर हलक्या फेऱ्या. पॉलिस्टर ४० च्या वर नेऊ नये, गरम असताना पिळलं की सुरकुत्या इस्त्रीलाही दाद देत नाहीत. इलकलची साडी हीटरच्या वाटेलाच जाऊ नये: पदराचा लाल रंग सुटून साडीच्या अंगावर उतरतो. शहापूर-वडगावच्या मागावरच्या सुती साड्यांना पहिल्या दोन धुण्यांना गार पाणी, वेगळं. ओल्या पांढऱ्या फडक्यानं काठ दाबून बघावा, रंग लागला तर अजून वेगळंच.

आता या मशीनचा खरा शत्रू: बोअरचं पाणी. राकसकोप किंवा हिडकल धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर हीटर बरीच वर्षं कुरकुर करत नाही. बोअरवर अवलंबून असलेल्या वस्तीत किंवा शेतातल्या घरात गोष्ट बदलते. जड पाणी तापलं की त्यातला चुना हीटरवर बसतो, जितकं गरम तितका जास्त. थर जाड झाला की उष्णता पाण्यात जात नाही, आतली कॉइल पोळते आणि एक दिवस हीटर लावला की ईएलसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो, गार धुण्याला मात्र काही होत नाही. ती खूण ओळखून ठेवा, मेकॅनिकनं बोर्ड बदलायला सांगितला तर आधी हीटर तपासायला लावा.

पाणी जड आहे का, हे घरीच कळतं. अर्ध्या बाटली पाण्यात साबणवडीचा किस चिमूटभर घालून हलवायचं. फेसाऐवजी दह्यासारख्या गुठळ्या आल्या तर जड. वडी मात्र साध्या साबणाची घ्यावी, डिटर्जंटची वडी जड पाण्यातही फेसते. टीडीएस मीटरचा (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्याचा) आकडा जडपणाचा नसतो, पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर लावल्यावरही तो तसाच राहतो, म्हणून त्या आकड्यावरून सॉफ्टनर विकत घेऊ नये. जड पाणी असेल तर पावडर दीडपट, रोजचं धुणं ४० वर थांबवायचं, ६० फक्त टॉवेल-चादरींना. दर दोन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम लिंबूसत्त टाकून ६० वर कॉटन प्रोग्राम चालवायचा. त्या फेरीत ब्लीच चुकूनही नको, विषारी वायू सुटतो.

व्होल्टेजचंही असंच. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० मिळत असेल तर २००० वॅटचा हीटर १२०० च्या आसपास काम करतो, आणि ६० गाठायला २२ मिनिटांऐवजी ३६ लागतात. मशीन बिघडलेलं नसतं, उन्हाळ्यात पंपसेट चालू असताना वेळ लांबते ती यामुळे. १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि नीट अर्थिंग असल्याशिवाय हीटर चालवू नये. घरच्या इन्व्हर्टरवर तो चालणार नाही, करंट गेला की गार प्रोग्रामही लावू नये.

सेमी-ऑटोमॅटिक आहे आणि नवीन घ्यायचं नाही, तर बंबाचं पाणी चालतं. आधी २४ अंशांचं १५ लिटर गार पाणी टबात, मग हंड्यातलं उकळीजवळचं साडेचार लिटर, म्हणजे ४० होतं. उलट्या क्रमानं ओतलं तर प्लास्टिकचा पल्सेटर (टबाच्या तळाची फिरती चकती) आणि खालचं सील जातं. सोलरचं पाणी ६० अंशांचं असेल तर ४० साठी दर १० लिटरमध्ये साडेचार लिटर सोलरचं.

सोलरची पाइप थेट फ्रंट लोडच्या एकुलत्या इनलेटला जोडून द्यायला प्लंबर एका पायावर तयार असतो. जोडू नये. पहिलं पाणी पाइपातलं गार येतं, मग एकदम गरम, रक्ताचा डाग थिजतो, खळबळणंही गरम होतं, आणि गार पाण्यासाठी बनवलेला व्हॉल्व आधी गळायला लागतो. गरम-गार असे दोन इनलेट असलेलं मॉडेल मिळत असेल तरच सोलर जोडा, नाहीतर आतला हीटरच बरा.